चार रनिंग बॅक आणि रविवारची रात्र

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही हिंजवडीत, क्लायंटची टीम अमेरिकेत. त्यांच्या बारा जणांच्या फँटसी फुटबॉल लीगमधून एकाने माघार घेतली आणि ऑगस्टमध्ये तुम्हाला आत ओढलं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडायचा, त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर आपल्याला पॉइंट. लीग पूर्ण पीपीआर आहे, म्हणजे प्रत्येक झेलाला एक पॉइंट. रनिंग बॅकच्या, म्हणजे मुख्यतः चेंडू घेऊन धावणाऱ्यांच्या, दोन जागा, वर एक फ्लेक्स, म्हणजे लवचिक जागा. तुमच्याकडे रनिंग बॅक चार. पहिला ड्राफ्टच्या, म्हणजे मोसमाआधी खेळाडू वाटून घेण्याच्या, पहिल्या फेरीत घेतलेला, पण या रविवारी त्याच्यासमोर अतिशय कडक बचाव आहे. दुसऱ्याने गेल्या रविवारी दोन टचडाउन केले, म्हणजे चेंडू दोनदा समोरच्या टोकाच्या रेषेपार नेला. तिसरा सतत हरणाऱ्या संघातला, पळतो कमी आणि झेल घेतो जास्त. चौथा एका मोठ्या खेळाडूचा राखीव. तो मोठा खेळाडू ‘क्वेश्चनेबल’ आहे, म्हणजे दुखापतीमुळे खेळेल की नाही हे अनिश्चित, आणि त्यांचा सामना सोमवारी रात्री. तिघांना उतरवायचं, एकाला बाकावर बसवायचं. नावं तुम्ही दिली नाहीत ते बरंच केलंत. नावं आली की चर्चा नावांवरच अडकते.

उत्तर लगेच देऊन टाकतो. पहिला डोळे झाकून. तिसराही नक्की. तिसरी जागा चौथ्यासाठी राखायची, पण त्यासाठी एक छोटी व्यवस्था करावी लागेल, ती शेवटी सांगतो. दोन टचडाउनवाला बाकावर. हे वाचून तुमच्या कपाळावर आठी आली असणार, कारण तुमच्या प्रश्नाचा सूर ‘त्याला तर घ्यायलाच हवं ना?’ असा होता.

माझी पहिली लीग २००९ सालची, इथे न्यू जर्सीत, ऑफिसातली. तेव्हा मीही दर आठवड्याला हेच करत असे. गेल्या रविवारी कोणी किती पॉइंट केले ते बघायचं आणि सगळ्यात जास्तवाल्याला उतरवायचं. त्या वर्षी मी बारावा आलो. बारापैकी. शेवटी येणाऱ्याला शिक्षा होती, महिनाभर दर शुक्रवारी सगळ्यांना नाश्ता. मी पोहे नेले. आता मी जिंकलो तरी लोक पोहे मागतात, ती वेगळी गोष्ट.

तेव्हा मला कळत नव्हतं ते एवढंच: पॉइंट म्हणजे निकाल, आणि निकाल दर आठवड्याला उड्या मारतो. त्यामागे जी गोष्ट बऱ्यापैकी स्थिर असते ती म्हणजे चेंडू खेळाडूच्या हातात किती वेळा दिला जातो. कबड्डीचं बघा. एखाद्या चढाईपटूने एका चढाईत चार गडी मारले म्हणून पुढच्या सामन्यासाठी तुम्ही त्याच्यावर भिस्त ठेवत नाही. संघ त्याला सामन्यात वीस चढाया देतो की चार, हे आधी विचारता. रनिंग बॅकचंही तेच आहे. प्रशिक्षक त्याला वीस वेळा चेंडू देणार असेल, तर तो वाईट दिवशीही काहीतरी घेऊन येतो. सात वेळा देणार असेल, तर सगळा मामला कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

म्हणून दर मंगळवारी आकडे बघताना पॉइंटचा रकाना झाका आणि चार गोष्टी बघा. संघाच्या आक्रमणाच्या किती स्नॅपमध्ये, म्हणजे डावांत, तो मैदानावर होता. किती वेळा त्याने चेंडू घेऊन धाव घेतली, म्हणजे कॅरी. किती वेळा त्याच्याकडे पास फेकला गेला, म्हणजे टार्गेट. झेल झाला की सुटला हे नंतरचं. आणि गोललाइनच्या, म्हणजे टचडाउनच्या रेषेच्या, पाच यार्डांच्या आत चेंडू कोणाला दिला जातो. या चारही गोष्टी फुकट मिळतात, कोणत्याही मोठ्या क्रीडा संकेतस्थळावर. तुमच्या दोन टचडाउनवाल्याच्या गेल्या आठवड्यात आठ कॅरी आणि एक टार्गेट होतं असं तुम्हीच लिहिलं आहे. तिथेच माझं उत्तर ठरलं.

टचडाउन हा सहा पॉइंटांचा लाडू आहे, आणि त्याची सवय लागते. २०२२ साली डेट्रॉइट लायन्सच्या जमाल विल्यम्सने धावून १७ टचडाउन केले, एनएफएल या खऱ्या व्यावसायिक लीगमध्ये सर्वाधिक. १,०६६ यार्ड पळाला. झेल मात्र संपूर्ण मोसमात १२. हिशेब करा: दहा यार्डांना एक पॉइंट धरला, तर त्याच्या एकूण कमाईतला जवळपास निम्मा वाटा निव्वळ टचडाउनचा. पुढच्या वर्षी तो न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेला. वर्षभरात टचडाउन किती? एक. तोही मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, जिंकलेल्या सामन्यात गुडघा टेकून वेळ संपवायची असते त्या रचनेतून. समोरच्या अटलांटाच्या प्रशिक्षकाचा पारा चढला तो वेगळाच. पळणारा माणूस एका वर्षात इतका वाईट झाला नव्हता. गोललाइनवर पोचणारं ते आक्रमण आणि तिथे चेंडू देणारा तो प्रशिक्षक, दोन्ही मागे राहिले होते.

गोललाइनचं दुसरं टोक फिलाडेल्फियात दिसतं. ईगल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास फेकणारा, जेलन हर्ट्स, आणि त्यांचा तो प्रसिद्ध ‘टश पुश’: एक यार्ड उरला की क्वार्टरबॅक स्वतः चेंडू घेऊन घुसतो आणि मागून सगळे त्याला ढकलतात. गोविंदा पथकाच्या खालच्या थराची आठवण यावी असं ते दृश्य असतं. २०२३ मध्ये हर्ट्सने धावून १५ टचडाउन केले. त्याच संघाचा रनिंग बॅक डीआंद्रे स्विफ्ट १,०४९ यार्ड पळाला आणि त्याला धावून टचडाउन मिळाले फक्त ५. ऐंशी यार्ड नांगरणी स्विफ्टने करायची आणि कणसं हर्ट्सने खुडायची. तेव्हा तुमच्या रनिंग बॅकचा क्वार्टरबॅक कोण आहे, तो शेवटच्या यार्डात स्वतः घुसतो का, हे एकदा बघून ठेवा. अर्थात याच ईगल्सकडून २०२४ मध्ये सेक्वॉन बार्कलीने २,००५ यार्ड पळून दाखवले, आणि हर्ट्सने पुन्हा १४ टचडाउन खाऊनही बार्कलीला बसवायचा विचार कोणी केला नाही. चेंडू ३४५ वेळा हातात आला की बाकीच्या तक्रारी विरघळतात.

आता तिसऱ्याबद्दल, कारण त्याला तुम्ही सगळ्यात कमी लेखलं आहे. ‘हरणाऱ्या संघातला’ हे तुम्ही दोष म्हणून लिहिलंत. पूर्ण पीपीआरमध्ये झेल घेणाऱ्या रनिंग बॅकसाठी तो बऱ्याचदा गुण असतो. संघ मागे पडला की घड्याळ त्याच्या विरोधात जातं, मग धावण्याचे डाव कमी होतात आणि पास वाढतात. समोरचा बचाव लांबचे पास अडवायला मागे सरकतो, क्वार्टरबॅकला लांब कोणी मोकळं दिसत नाही, आणि तो चेंडू बाजूला उभ्या रनिंग बॅककडे सोडून देतो. सहा यार्ड मिळतात, प्रेक्षकांना कंटाळा येतो, आणि तुम्हाला १.६ पॉइंट मिळतात. ढोबळ गणित असं: एका कॅरीला सरासरी चार-साडेचार यार्ड, म्हणजे अर्ध्या पॉइंटालाही थोडं कमी. रनिंग बॅकच्या एका झेलाला साधारण सात-आठ यार्ड, म्हणजे पाऊण पॉइंट अधिक झेलाचा एक. काही पास सुटतात हे धरलं, तरी एक टार्गेट जवळपास तीन कॅरींच्या तोडीचं पडतं. म्हणजे नऊ कॅरी आणि सहा टार्गेट असलेला तुमचा तिसरा गडी हा पंचवीस-सत्तावीस कॅरीवाल्या बैलासारख्या पळणाऱ्याच्या रांगेत बसतो. फक्त टीव्हीवर तसा दिसत नाही.

ऑस्टिन एकेलरचं २०२२ चं वर्ष या गणिताचा नमुना म्हणून ठेवून द्यावं असं आहे. धावून जेमतेम ९१५ यार्ड, पण १०७ झेल, ७२२ यार्ड झेलांतून आणि एकूण १८ टचडाउन. पूर्ण पीपीआरमध्ये ते ३७० च्या वर गेलं. २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या डेरिक हेन्रीने १,९२१ यार्ड धावून एकूण १८ टचडाउन केले. हजाराहून अधिक यार्ड जास्त पळाला, टचडाउन तितकेच, आणि तरी पूर्ण पीपीआरमध्ये एकेलरच्या त्या वर्षाच्या मागेच राहिला, कारण त्याचे झेल १९. झेलाला पॉइंट नसलेल्या लीगमध्ये हाच निकाल उलटा लागतो. म्हणून कोणाचाही सल्ला ऐकण्याआधी, माझाही, तो तुमच्या लीगच्या पॉइंटपद्धतीसाठी दिला आहे का ते तपासा. अर्ध्या पॉइंटाची लीग असती, तर दुसरा आणि तिसरा यांच्यात मी जरा जास्त वेळ घालवला असता.

इथे एक सावधगिरी. संघ हरतो म्हणून मैदानावर तोच राहील असं धरू नका. काही प्रशिक्षक पासच्या परिस्थितीत वेगळाच माणूस आणतात. तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, कोण उभा असतो ते बघा. तुमचा असेल तर ठीक.

पहिल्याबद्दल फार लिहायची गरज नाही, पण भीती तुम्हाला त्याचीच जास्त वाटते आहे, म्हणून थोडं लिहितो. समोरचा बचाव कडक आहे म्हणून पहिल्या फेरीतला खेळाडू बसवणं ही नव्या माणसाची ठरलेली चूक. २१ नोव्हेंबर २०२१ ला इंडियानापोलिस कोल्ट्स बफेलोत खेळायला गेले. बफेलोचा बचाव तेव्हा लीगमधल्या सर्वांत कडक बचावांत गणला जात होता. जोनाथन टेलरने ३२ वेळा चेंडू घेतला, १८५ यार्ड पळाला आणि झेलाचा एक धरून पाच टचडाउन केले. आमच्या लीगमधल्या एकाने त्या दिवशी त्याला बसवायचा गंभीरपणे विचार केला होता. मी नाव सांगत नाही, पण ते गृहस्थ अजून त्या विषयावर बोलत नाहीत.

‘अमुक बचाव रनिंग बॅकविरुद्ध लीगमध्ये तिसरा’ अशी क्रमवारी जी ॲपमध्ये लाल-हिरव्या रंगात दिसते, तिच्यावर मी मोसमाचे पहिले पाच आठवडे बोटभरही विश्वास ठेवत नाही. चार सामन्यांत तो बचाव कोणाकोणाशी खेळला? दोन दुबळ्या संघांशी खेळून कोणीही भिंत वाटतं. शिवाय ज्या बचावाविरुद्ध पास फेकणं फार सोपं आहे, त्याच्याविरुद्ध लोक धावतच नाहीत, मग तो धावण्याविरुद्ध उगाच कडक दिसतो. दोन खेळाडू अगदी तोलामोलाचे असले, तर पारडं झुकवायला ही क्रमवारी वापरावी. पहिल्या आणि चौथ्या फेरीच्या खेळाडूंमध्ये निवाडा करायला नाही. आणि ॲपच्या अंदाजात एकाला ११.८ आणि दुसऱ्याला ११.१ दिसलं, तर ते दोन्ही आकडे एकच आहेत असं समजा.

त्यापेक्षा उपयोगी आकडा आहे तो सट्टेबाजारातला. पैसे लावा असं मी अजिबात म्हणत नाही. अमेरिकेत हे भाव वर्तमानपत्रात छापून येतात, ते फक्त वाचायचे. दोन आकडे लागतात: दोन्ही संघांची मिळून अपेक्षित धावसंख्या (क्रिकेटची सवय, अपेक्षित गुण म्हणा) आणि कोण किती गुणांनी जिंकेल हा अंदाज. एकूण ४८ आणि तुमचा संघ सहाने पुढे असेल, तर हिशेब २७ विरुद्ध २१. सत्तावीस गुण करणारा संघ तीनेक टचडाउन करणार, आणि पुढे असल्यामुळे दुसऱ्या अर्धात घड्याळ चालू ठेवायला धावणार. अशा संघाचा मुख्य रनिंग बॅक सोन्यासारखा. उलट संघाला सतराच गुण मिळतील असा अंदाज असेल आणि तुमच्या माणसाची सगळी भिस्त टचडाउनवर असेल, तर त्याला बाक दाखवावा. तुमच्या दुसऱ्याच्या संघाचा अंदाज या आठवड्यात तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून १७ च्या आसपास निघतो. आठ कॅरी, एक टार्गेट आणि सतरा गुण. गाजराची पुंगी आहे ती, वाजली तर वाजली.

हवामानावर एकच ओळ पुरे होती, पण लोक बर्फ बघून घाबरतात म्हणून दोन लिहितो. बर्फ आणि पाऊस रनिंग बॅकचं फारसं बिघडवत नाहीत. पासला खरा त्रास जोराच्या वाऱ्याचा होतो, आणि पास बिघडला की धावण्याचे डाव वाढतात. १० डिसेंबर २०१७ ला बफेलोत गुडघाभर बर्फात सामना झाला, समोरचा माणूस दिसत नव्हता, आणि लेशॉन मॅकॉयला ३२ वेळा चेंडू मिळाला. १५६ यार्ड, आणि जादा वेळेत विजयी टचडाउन.

मग भाऊबंदकी. आजकाल बऱ्याच संघांत एकच मुख्य रनिंग बॅक नसतो, सातबाऱ्यावर दोन नावं असतात. तुमच्या दुसऱ्याचं तसंच आहे. वाटणी कशी झाली आहे त्यावर सगळं. एकाला झेल आणि दुसऱ्याला गोललाइन असेल, तर पीपीआरमध्ये झेलवाला धरावा. दोघांना सगळ्यातलं अर्धं अर्धं असेल, तर दोघेही डोकेदुखी. डेट्रॉइटसारखं क्वचित घडतं: २०२४ मध्ये जमीर गिब्सने एकूण २० टचडाउन केले आणि त्याच संघात डेव्हिड माँटगोमरीने धावून १२. दोघांनाही दर आठवड्याला उतरवणं परवडत होतं, कारण आक्रमण इतकं गुण करत होतं की वाटून घेऊनही दोघांची पोटं भरत होती. मोठ्या बागायतीत वाटण्या झाल्या तरी चालतं. कोरडवाहू दोन एकरांत नाही. तुमच्या दुसऱ्याचं रान कोरडवाहू आहे.

एक अपवाद सांगतो, नाहीतर तुम्ही हे सगळं पोथीसारखं वाचाल. समोरचा प्रतिस्पर्धी तुमच्यापेक्षा खूप भारी असेल, गुरुवारी रात्रीच त्याच्या एखाद्या खेळाडूने पस्तीस पॉइंट करून ठेवले असतील आणि तुम्हाला चमत्कारच हवा असेल, तेव्हा खात्रीचे अकरा पॉइंट काही कामाचे नसतात. मग अशा खेळाडूकडे वळावं जो एका स्पर्शात सत्तर यार्ड पळू शकतो. पण तेव्हाही वेगवान माणूस शोधा, एक यार्डावरून घुसणारा नव्हे. तुम्ही या आठवड्यात थोडे पुढे आहात, तेव्हा खात्रीचं घ्या.

आणि बाकावरच्या पॉइंटांचा पश्चात्ताप. तो होणारच आहे, आत्ताच सांगून ठेवतो. २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात मायामीने डेन्व्हरला ७०-२० असं धुतलं. डेव्हॉन अचेन नावाच्या नवख्या मुलाने २०३ यार्ड पळून चार टचडाउन केले. पूर्ण पीपीआरमध्ये ५१.३. तो त्या दिवशी माझ्या बाकावर होता. त्याआधीच्या आठवड्यात त्याला एक कॅरी मिळाली होती. एक! मला त्या सकाळी परत तोच निर्णय घ्यायला लावलात, तर मी त्याला परत बसवेन. त्या आठवड्याचा सामना मी हरलो, आणि बायकोने विचारलं की इतका वेळ भिंतीकडे का बघतोयस. पण पुढच्या आठवड्यात अचेन माझ्या संघात उतरला तो त्या ५१ पॉइंटांमुळे नाही, त्याला मिळालेल्या १८ कॅरींमुळे. अशा दिवसानंतर दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी शिकतात. एक म्हणतो, मला कळायला हवं होतं. दुसरा बघतो, काय बदललं? दुसऱ्यासारखं व्हा. दर सोमवारी तुमचा निर्णय निकालावरून नाही, रविवारी हातात असलेल्या माहितीवरून तपासा.

आता चौथा, आणि वेळापत्रक. तुम्ही पुण्यात बसून खेळता, तेव्हा हा भाग तुमच्यासाठी बाकी सगळ्याहून महत्त्वाचा आहे.

दुखापतींची यादी बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशी रोज निघते. सोमवारी सामना असलेल्यांची एक दिवस उशिरा. त्यात कोणी सराव पूर्ण केला, कोणी अर्धवट, कोणी केलाच नाही हे असतं. क्रम बघायचा. आधी काहीच नाही, मग अर्धवट, मग पूर्ण, म्हणजे गडी खेळणार. पूर्ण, मग अर्धवट, मग गायब, म्हणजे आठवड्याच्या मध्यात काहीतरी बिघडलं, आणि हे लक्षण वाईट. शेवटी ‘क्वेश्चनेबल’, ‘डाउटफुल’ किंवा ‘आउट’ असा शिक्का बसतो. ‘डाउटफुल’ म्हणजे व्यवहारात नाहीच. ‘क्वेश्चनेबल’ हा मात्र गोंधळाचा शब्द. २०१६ मध्ये ‘प्रॉबेबल’ (बहुधा खेळेल) हा शिक्का काढून टाकल्यापासून किरकोळ खरचटलेले आणि खरोखर जायबंदी, दोघेही एकाच पिशवीत असतात.

९ सप्टेंबर २०२४, मोसमातली पहिलीच सोमवार रात्र. सॅन फ्रान्सिस्कोचा क्रिस्टियन मकॅफ्री, त्या वर्षी बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिला उचललेला माणूस, ‘क्वेश्चनेबल’. आठवडाभर वातावरण तो खेळणार असंच. सामन्याच्या दीड तास आधी न खेळणाऱ्यांची यादी आली आणि तो बाहेर. तोपर्यंत रविवारचे सगळे सामने संपलेले, बाकावरचे सगळे खेळून मोकळे झालेले. हजारो लोकांच्या संघात त्या रात्री एक जागा रिकामी राहिली. ज्यांनी त्याचा राखीव जॉर्डन मेसन बाळगला होता त्यांनी अदलाबदल केली: २८ कॅरी, १४७ यार्ड, एक टचडाउन. तुमचा चौथा हा असा मेसन असू शकतो. मुख्य खेळाडू बसला, तर त्याची सगळी जमीन राखीवाच्या नावावर होते, आणि वीस कॅरीवाला कोणीही, नाव काहीही असो, उतरवायचाच. २०१८ च्या सोळाव्या आठवड्यात, जिथे बऱ्याच लीगच्या अंतिम फेऱ्या होत्या, रॅम्सचा मुख्य रनिंग बॅक टॉड गर्ली दुखापतीने बाहेर बसला आणि त्याच आठवड्यात रॅम्सने करारबद्ध केलेल्या सी. जे. अँडरसनने १६७ यार्ड पळून दाखवले. ज्यांनी त्याला वेव्हरवरून, म्हणजे लीगमध्ये कोणाच्याच संघात नसलेल्यांतून, उचललं, त्यांच्यातल्या अनेकांना त्याआधी तो कुठल्या संघात आहे हेही माहीत नव्हतं.

पण दुखापतींच्या यादीत नाव नसलं म्हणजे सगळं ठीक असंही नाही. २२ ऑक्टोबर २०२३ ला अटलांटाचा बिजान रॉबिन्सन यादीत कुठेच नव्हता, आणि त्या सामन्यात त्याला चेंडू मिळाला एकदा, तीन यार्डांसाठी. तब्येत बरी नव्हती हे नंतर कळलं. अशा वेळी काही करता येत नाही. चहा करून प्यावा.

तुमच्यासाठी वेळा अशा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी एकचे सामने म्हणजे तुमच्याकडे रविवारी रात्री साडेदहा, आणि न खेळणाऱ्यांची यादी त्याच्या दीड तास आधी, रात्री नऊला. हे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. त्या दिवशी तिथली घड्याळं मागे जातात आणि तुमचं सगळं एक तासाने पुढे सरकतं. पहिल्या वर्षी यात हटकून गफलत होते. लंडन किंवा जर्मनीतला, अमेरिकेतल्या सकाळचा सामना असेल, तर तो तुमच्याकडे घड्याळं मागे जाण्याआधी संध्याकाळी सातला सुरू होतो, यादी साडेपाचला; नंतर दोन्ही एक तास उशिरा. रविवार रात्रीचा सामना तुमच्याकडे सोमवारी पहाटे, सोमवार रात्रीचा मंगळवारी पहाटे. गुरुवारचा शुक्रवारी पहाटे, आणि तो विसरून लोक दर आठवड्याला हात चोळत बसतात.

आणि फ्लेक्सची ही युक्ती लक्षात ठेवा, फुकटात सामने वाचवते: जो खेळाडू लवकर खेळणार त्याला कधीही फ्लेक्समध्ये ठेवू नका. गुरुवारचा रनिंग बॅक रनिंग बॅकच्याच जागी. फ्लेक्समध्ये सगळ्यात उशिरा खेळणारा. कारण ज्याचा सामना सुरू झाला त्याची जागा कुलूपबंद होते, आणि फ्लेक्स ही एकच जागा अशी आहे जिथे रनिंग बॅक किंवा पास झेलणारे वाइड रिसीव्हर, टाइट एंड, कोणीही बसतो. उशिरा काही गडबड झाली, तर हातात पर्याय राहतो.

तेव्हा या आठवड्याची मांडणी. पहिला आणि तिसरा रनिंग बॅकच्या दोन जागांवर. चौथा फ्लेक्समध्ये. त्याच सोमवारच्या सामन्यातला, दोन्हींपैकी कोणत्याही संघातला, वेव्हरवर पडून असलेला एखादा वाइड रिसीव्हर आजच उचला. फार चांगला नको, दर आठवड्याला पाच-सहा टार्गेट मिळणारा पुरे. त्यासाठी कोणाला सोडायचं म्हणाल, तर तुमच्याकडे दोन किकर (चेंडू लाथेने मारून गुण मिळवणारे) आहेत असं दिसतं. दोन किकर कोणाकडेच असू नयेत. रविवारी रात्री नऊपर्यंत मुख्य खेळाडू खेळणार असं पक्कं कळलं, त्याने शनिवारचा सराव पूर्ण केला आणि संघासोबतच्या पत्रकारांनीही तसं सांगितलं, तर फ्लेक्समध्ये निमूटपणे दुसऱ्याला टाका, मी बाकावर म्हटलं होतं तरी. राखीवाच्या दोन-तीन कॅरींपेक्षा त्याच्या आठ बऱ्या. चित्र धूसर राहिलं, तर फ्लेक्स चौथ्याच्या नावावर मोकळा ठेवून झोपा.

मग मंगळवारी पहाटे सव्वाचारचा गजर. यादी येईल. मुख्य खेळाडू बाहेर असेल, तर काहीच करू नका, चौथा आहे तिथे आहे. खेळणार असेल, तर त्याला काढून तो रिसीव्हर टाका, आणि पावणेसहाच्या आत बदल जतन झाला की नाही ते दोनदा बघा. माझ्या ओळखीतल्या एकाने झोपेत बदल केला आणि ‘सेव्ह’ दाबायचं विसरला. गजर मात्र व्हायब्रेटवर ठेवा, घरचे बाकीचे लोक लीगमध्ये नाहीत.